किशनराव मास्तरांचे चार हौद

मला एकूण सतरा माणसं येतेत. येतेत म्हणजे त्यांचा आवाज अन् चाल हुबेहूब काढता येते. जिंतूर मोटारीचा कंडक्टर. तहसीलमधला म्हातारा पेशकार, जो उर्दूत खाकरतो अन् मराठीत शिव्या देतो. माझी मावशी, रडायच्या आधीची अन् रडून झाल्यावरची. लग्नात, जेवणावळीत, मास्तर लोकांच्या बैठकीत लोक आपण होऊन म्हणतेत, "ए, ते पेशकार कर की." अन् मी करतो. मला आग्रह लागत नाही.

अठरावे किशनराव मास्तर. ते मी करत नाही. लोक म्हणतेत, विसरला असशील. विसरलो असतो तर बरं झालं असतं.

आमचा जिल्हा हैदराबादेतून मुंबई राज्यात गेला, त्याच्या दुसऱ्या वर्षी मी जिंतूरहून येऊन गंगाखेडला मास्तर म्हणून लागलो. मॅट्रिक पास, वय वीस, मिशी नुकतीच. शाळा भरायची एका जागीरदाराच्या जुन्या तबेल्यात. घोडे गेले होते, पण पावसाळ्यात वास यायचा. मागच्या अंगणात घोड्यांना पाणी पाजायचे चार दगडी हौद होते. पहिल्या दिवशी मी तिकडं गेलो तर एक पन्नाशीचा माणूस हौदावर वाकून बोलायलेला. गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर काळी टोपी, डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली.

"अहो, आज जेवला न्हाईत? बरं वाटत न्हाई का?"

मी हौदात बघितलं. आत झिंगे होते. गंगेतले, म्हणजे आमच्या गोदावरीतले, मोठाले झिंगे, हातभर लांब मिशा, निळसर नांग्या.

"कोणाशी बोलायलात, मास्तर?"

"ह्यांच्याशी," असं म्हणून त्यांनी दोनदा घसा साफ केला. प्रत्येक वाक्याआधी ते दोनदा घसा साफ करायचे. "ह्यांनी काल अंगावरचं टरफल टाकलंय. आता दोन दिवस अंग मऊ राहतंय. असं उघडं पडलेल्याला अरे-तुरे करू न्हाई. समजलं का न्हाई?"

मला समजलं नाही. पण त्या संध्याकाळी मी बाकीच्या मास्तरांना ते करून दाखवलं. खांदा पाडला, दोनदा खाकरलो अन् पाण्याच्या तांब्यात वाकून म्हणालो, "अहो, आज जेवला न्हाईत?" ड्रिलमास्तर हसून हसून पायरीवर बसले. गंगाखेडात माझं नाव झालं ते असं.

किशनराव बोरीचे. घरी कापूस-ज्वारीची शेती, शिक्षण सगळं उर्दूत. शास्त्र शिकवायचे. निजामाच्या काळात त्यांनी 'तजुर्बा' हा शब्द शिकला होता अन् तो काही त्यांनी सोडला नाही. नव्या राज्याचा इन्स्पेक्टर आला तेव्हा म्हणाला, "मास्तर, आता 'प्रयोग' म्हणत जा." हे म्हणाले, "साहेब, प्रयोग सांजेला संपतो अन् लोक घरी जातेत. हे तीन वर्षं चाललंय." इन्स्पेक्टर हसला. पुढं तोही तजुर्बाच म्हणायला लागला.

तजुर्बा असा होता. चार हौदांत सारखेच झिंगे सोडलेले, आत लपायला छपराच्या फुटक्या कवेलांचे तुकडे. मापाला एक काडेपेटी. पहिल्या हौदाला चार पेट्या नुसता ज्वारीचा कोंडा. दुसऱ्याला तीन पेट्या कोंडा, एक पेटी शेंगदाण्याची पेंड. तिसऱ्याला निम्मा कोंडा, निम्मी पेंड. चौथ्याला कोंडा नाहीच. नुसती पेंड अन् नदीतल्या गोगलगाई ठेचून. गोगलगाई ठेचायचं काम सरूबाईचं. त्या वेळी मास्तर भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे, माळ मुठीत धरून.

सरूबाई भोयाची, साठीची विधवा. शाळेत पाणी भरायची, झिंगेही तिनंच आणून दिलेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड-अंधार कळायचा, माणूस कळायचा नाही. पण कान असा की पायरीवर पाऊल पडलं की, "या ड्रिलमास्तर, आज पाय दुखायला का?" गंगेवर ती एकटी जायची. पाणी कुठं खोल हे तिला आवाजावरून कळायचं. मास्तरांचे झिंगे तिच्या ताब्यात असायचे अन् झिंग्यांवरून ती मास्तरांशी भांडायची.

"पहिल्या हौदातल्यास्नी नुसता कोंडा घालताव. पाप लागंल तुमास्नी."

"लागू द्या. बाकीच्यांना कळंल तरी."

कळायचं ते भिंतीवर होतं. दर रविवारी मास्तर प्रत्येक हौदातला एक झिंगा ओल्या फडक्यावर ठेवायचे, दोऱ्यानं मापायचे अन् तबेल्याच्या भिंतीवर कोळशानं तेवढी रेघ ओढायचे. पहिल्या हौदाच्या रेघा वर्षभर बोटाएवढ्याच. दुसऱ्याच्या जरा बऱ्या. तिसऱ्याच्या वीतभर. अन् गंमत म्हणजे चौथ्याच्या तिसऱ्यापेक्षा मोठ्या नव्हत्या, उलट जरा कमीच. ह्याच्यावर मास्तर फार खूश. नवा माणूस आला की भिंतीपुढं उभं करायचे.

"बघा. सगळ्यात भारी खुराक चौथ्याला. मग ह्येच का नाही वाढले?"

"का?"

"जेवढं अंगी लागतं तेवढंच लागतं. उरलेलं पाण्यात सडतंय. चौथ्याचं पाणी सरूबाई रोज काढती म्हणून ते जगलेत. एक दिवस काढलं न्हाई तर मरतेत." मग पहिल्या हौदाकडं हात करायचे. "अन् हितं उलटं. सत्त्व न्हाई. टरफल पातळ. एकानं टरफल टाकलं, अंग मऊ पडलं, की बाकीचे त्यालाच खातेत. वीस सोडले होते, सात राहिले. कमी पडलं तर भाऊ भावाला खातो, जास्त झालं तर पाणी सगळ्यांना खातं. समजलं का न्हाई?"

गावात लोक टोमणे मारायचे. हॉटेलात कुणीतरी म्हणायचं, "माळकरी माणूस, झिंगे पाळायलाय. कालवण कधी हाय मास्तर?" मास्तर शांतपणे बशीतला चहा प्यायचे अन् म्हणायचे, "मी लेकरंबी शिकवतो. ती कुठं खातो?"

खरं कारण लेकरंच होती. शाळेतली निम्मी पोरं तोंडाच्या कडा फाटलेली, पाय काड्या, पोट पुढं. मास्तर रोज हजेरीच्या वेळी विचारायचे, काय खाऊन आलास? उत्तर एकच. भाकर अन् मिरची. ऊसतोडीला आईबाप गेलेल्या पोरांचं तर नुसती भाकर. मास्तर पोरांना रांगेनं हौदावर न्यायचे, पहिला हौद दाखवायचे, तिसरा दाखवायचे. आपण तोंडानं सांगितलेलं पोरं विसरतेत, म्हणायचे, पण ह्या दोन हौदांतला फरक विसरणार नाहीत. मग प्रत्येकानं घरून मूठभर शेंगदाणे नाहीतर भिजवलेली डाळ आणायची, असा नेम. आणली नाही तर मारायचे नाहीत. स्वतःच्या उपरण्यातून काढून द्यायचे.

एकदा एक आई भांडायला आली. "मास्तर, तुमी आमच्या पोराला झिंग्याची गोष्ट सांगितली. घरी डाळीसाठी रडायलंय. आमी काय झिंगे हाव का?"

मास्तर दोनदा खाकरले. "न्हाई बाई. झिंगे असताव तर माझं लवकर ऐकलं असतं."

ती बाई आधी चिडली, मग तिला हसू आलं. दुसऱ्या दिवसापासून पोराच्या खिशात फुटाणे यायला लागले. हे सगळं मी बघायलो होतो. बघून काय केलं, तर त्या बाईचा आवाजही उचलला. तेव्हा ती माझी चौदावी होती.

हेडमास्तरांना हौद नको होते. वास येतो, डास होतेत, शाळा आहे का भोयवाडा. मास्तरांनी त्यांना एवढंच म्हणलं होतं, विकास खात्याचे साहेब शाळा बघायला येणारेत. त्यांना भिंतीवरच्या रेघा अन् हौद दाखवू. पटलं तर लेकरांसाठी शेंगदाण्याची सोय करतील. नाही पटलं तर हौद मी स्वतः फोडतो. साहेब यायच्या तारखेपर्यंत गप्प राहायला हेडमास्तर तयार झाले.

साहेब मंगळवारी येणार होते. शुक्रवारी किशनराव पुतण्याच्या लग्नाला बोरीला गेले. जाताना सरूबाईला चारचारदा सांगितलं: कोणत्या हौदाला किती पेट्या. ती म्हणाली, "जावा हो. मला तीन वर्षं झाली. माजी सासूबी एवढं सांगत नव्हती."

शनिवारी सकाळची शाळा. सुट्टी झाल्यावर आम्ही तिघंचौघं मास्तर अंगणाच्या भिंतीआड बसलो होतो. पलीकडं सरूबाई हौदाला खुराक घालायलेली. ड्रिलमास्तर हळूच म्हणाले, "जिंतूरकर, भिंतीआडून कर की. म्हातारीला कळतंय का बघू."

मी दोनदा खाकरलो.

"सरूबाई."

"अगं बाई. मास्तर, तुमी गेला न्हाईत?"

बाकीच्यांनी तोंडात रुमाल कोंबले. मला चेव आला.

"सकाळच्या गाडीनं परत आलो. ऐका. साहेब येणारेत. आज समद्या हौदांना चौथ्याचाच खुराक घाला. हात सैल सोडा. गोगलगाई भरपूर. अन् पाणी काढू नका, ढवळतंय. साहेबांना नितळ दिसलं पाहिजे. समजलं का न्हाई?"

"पर मास्तर, तुमीच म्हणताव सडतंय म्हणून."

"आजच्या दिवस. मी सांगायलो ना."

"बरं. तुमी म्हणताव तर."

मी सांगणार होतो. शपथ घेऊन सांगतो, भिंतीवरून डोकं काढून म्हणणार होतो, सरूबाई, मी हाय. पण तेवढ्यात जिंतूरची मोटार सुटायची वेळ झाली, अन् ड्रिलमास्तर म्हणाले, "राहू दे, तिला कळलं असंल." मला ते खरं मानायचं होतं, म्हणून खरं मानलं. पळत जाऊन मोटार पकडली. मोटारीत मी हा किस्सा दोघा अनोळखी माणसांना करून दाखवला. तेही हसले.

सोमवारी आलो तर अंगणात वास. चारही हौदांचं पाणी दुधासारखं पांढरं, वर साय धरल्यासारखा थर. झिंगे काठाला चिकटून, पाण्याबाहेर तोंड काढून मेलेले. काही हौदातून निघून अंगणात पाचसहा हातांवर जाऊन मेलेले. एवढं चालतेत हे मला माहीत नव्हतं. किशनराव बोरीहून नुकतेच उतरलेले, लग्नाचा फेटा अजून डोक्यावर. उकिडवे बसून एकेक झिंगा उचलून उपरण्यावर ठेवायलेले. हेडमास्तर सरूबाईवर ओरडायलेले.

"खोटं बोलू नको. मास्तर बोरीला होते."

"न्हाई ओ. हितं भिताडाआड होते. सोता बोलले माज्यासंगं. हौद भरून घाल म्हणले. पाणी काढू नको म्हणले."

"म्हातारी चळली. उद्यापासून हिला शाळेत ठेवायचं नाही."

सरूबाई तोंड मास्तरांच्या दिशेनं करून उभी राहिली. "मास्तर, तुमीच सांगा. तुमी बोलला ना?"

किशनरावांनी वर बघितलं. आम्ही चौघं मास्तर दारात उभे होतो. त्यांची नजर आमच्यावरून फिरली, माझ्यावर आली अन् थांबली. किती वेळ, ते मला सांगता येत नाही. मी माझ्या चपलेकडं बघायलो होतो.

ते दोनदा खाकरले. "व्हय. मीच सांगितलं होतं. शुक्रवारी जाताना. माझी चूक झाली हिसाबात."

गळ्यात माळ घालून ते खोटं बोलले. हेडमास्तर म्हणाले, "म्हणजे तीन वर्षांचा तजुर्बा अन् तुम्हालाच कळला नाही."

"न्हाई कळला," किशनराव म्हणाले.

मंगळवारी साहेब आले. रिकामे हौद बघितले, नाकाला रुमाल लावला अन् शाळेचं ग्रंथालय बघायला गेले. हेडमास्तरांनी भिंतीला चुना मारून घेतला. सरूबाईचं काम टिकलं. मला वाटलं, चला, निभावलं.

आठवड्यानं किशनराव माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसले.

"जिंतूरकर, तुमाला माझा आवाज येतो म्हणं."

"कोण म्हणलं?"

"समदी शाळा म्हणती. काढा की. मी कधी ऐकला न्हाई."

मी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

"राहू द्या," ते म्हणाले. "मला न्हाई ऐकायचा. सरूबाईला ऐकवा. तिला वाटायलंय, शनवारी भिताडाआड कुणीच नव्हतं, तिला उगंच ऐकू आलं. कान बिघडले म्हणती. डोळे तर गेलेच हायत. कानाबिगर काय करील ती?"

"तुमीच सांगा ना तिला, मास्तर."

"सांगून बघितलं. ती म्हणती, मास्तर, तुमी मला वाचवायला काहीबी सांगताव. हेडमास्तरांपुढं सांगितलंत तसंच." ते जरा हसले, पण नीट नाही. "एकदा खोटं बोललो ना. आता माझं खरं चालत न्हाई तिच्यापुढं. तुमचं चालंल."

"उद्या जातो."

"तुमच्या सवडीनं जावा."

रागावले असते तर मी दुसऱ्या दिवशी गेलो असतो. सवड म्हणाले, अन् मी सवड घेतली. परीक्षा आल्या. मग उन्हाळ्याची सुट्टी. नोकरी अजून कच्ची होती; हेडमास्तरांना कळलं तर? अन् खरं कारण त्याहून हलकं आहे. लोक मला हसवणारा म्हणून ओळखत होते, अन् मला तसंच राहायचं होतं.

तोपर्यंत सरूबाईनं गंगेवर जाणं सोडलं. पाण्याचा आवाज आता खोटा वाटतो म्हणाली. मग शाळेचं कामही सोडलं. पायरी चुकेल म्हणाली. सून हाताला धरून अंगणात आणून बसवायची.

एकदा मी गेलो होतो. भोयवाड्यात, तिच्या दारापर्यंत. ती एकटीच बसलेली, ज्वारी निवडायलेली, बोटांनी खडे चाचपून. माझी चाहूल लागली तशी मान वर केली.

"कोण हाय?"

मला सतरा आवाज येत होते अन् एकही निघाला नाही. मी श्वास धरून उभा राहिलो.

"कोण हाय तिथं?" मग आतून सुनेचा आवाज आला, "कुनी न्हाई आत्या. उगंच भास व्हायलेत तुमाला." सरूबाईनं उजव्या कानात बोट घातलं, जोरानं हलवलं, जसं पाणी गेल्यावर हलवतेत, अन् परत सुपात हात घातला. मी पाऊल न वाजवता परत आलो. पाऊल न वाजवायची कलाही मला येते.

किशनराव भेटले की विचारायचे नाहीत. तेच जास्त लागायचं. पोरांना शेंगदाणे द्यायचे तसेच चालू होते, आता हौदांशिवाय. "झिंग्यास्नी असं झालं होतं," एवढंच सांगायचे. नवीन पोरं विचारायची, कुठले झिंगे? ते चुना मारलेल्या भिंतीकडं हात करायचे अन् पोरं एकमेकांकडं बघायची. हा नमुना मी कुणाला करून दाखवला नाही.

दुसऱ्या वर्षी त्यांची बदली झाली, बोरीकडंच, त्यांनी मागून घेतलेली. आम्ही सगळे स्टेशनवर सोडायला गेलो. परभणीची गाडी लागलेली. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी, अन् शिवाजी पार्कात भाषण देतो असा आव आणून बोलणारे हेडमास्तर. सुनेचा हात धरून सरूबाई आली.

"सरूबाई, आलाव का?" किशनराव म्हणाले.

ती मान एकीकडं कलती करून उभी राहिली. मग म्हणाली, "हात द्या."

त्यांनी हात पुढं केला. तिनं तो दोन्ही हातांत धरला, बोटं चाचपली, अंगठ्याजवळचा वण चाचपला. "हां. तुमीच हाव." अन् मग रडायला लागली.

मला काय झालं सांगता येत नाही. मी खांदा पाडला नाही. नुसता दोनदा खाकरलो.

"सरूबाई, आज समद्या हौदांना चौथ्याचाच खुराक घाला. हात सैल सोडा."

ड्रिलमास्तर फिस्सकन हसले. कुणीतरी म्हणालं, वा, निरोप समारंभ. एकानं टाळी वाजवली. सरूबाईचं रडणं मात्र थांबलं. तिचे हात किशनरावांच्या हातावरच होते अन् तोंड माझ्याकडं.

"परत बोल."

मी परत बोललो. सगळं, पाणी काढू नका पर्यंत. आता कुणी हसलं नाही.

मग माझ्या आवाजात म्हणालो, "मी हाय, सरूबाई. जिंतूरचा मास्तर. त्या शनवारी भिताडाआड मीच होतो."

"अन् माज्या दारात आलता, तेबी तूच?"

"व्हय."

"उजवी चप्पल करकरती तुजी. मी सुनंला म्हणलं, कुनीतरी हाय. ती म्हणली, कुनी न्हाई." ती थांबली. "एक साल गेलं माजं, लेका. साल."

ती एवढंच म्हणाली. मी वाट बघायलो होतो, शिवी देईल, मारील. माझ्याकडं पाठ करून ती सुनेला म्हणाली, "चल, जरा बाजूला हो. गाडी निघायली." गाडीनं अजून शिट्टी दिलेली नव्हती. आम्हा कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. मग शिट्टी झाली.

किशनराव चढले. खिडकीत बसले. माझ्याकडं त्यांनी एकदा बघितलं, रागानं नाही, शाबासकीनंही नाही. उशिरा आलेल्या पोराची हजेरी मांडताना बघायचे तसं. गाडी हलली. हेडमास्तर हात हलवायलेले, पोरं गाडीसोबत पळायलेली, इंजिनाचा धडधडाट. फलाटाच्या पार टोकाला डबा गेला तेव्हा त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं अन् ओरडले. काय ओरडले ते मला नीट कळलं नाही. बोरीला या, असं काहीतरी असेल.

सरूबाई सुनेचा हात सोडून दोन पावलं पुढं झाली.

"येते मास्तर," ती ओरडून म्हणाली, "पर झिंगे तुमी धरा."

लांब खिडकीतली काळी टोपी हलली. मी त्या दोघांच्या मधे फलाटावर उभा होतो, तोंड मिटून.